देवाच्या मागचं दार

"हे दार उघडा," ऑडिटवाल्या बाई म्हणाल्या.

शेठने हात जोडले. "मॅडम, उसपे भगवान है."

होता खरा. नवघरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. अमेरिकेला जाणारे ब्लाऊज शिवायचो. मी धागा कटिंगला, म्हणजे शिवून आलेल्या कपड्याचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापायचे. माल घेणारी कंपनी कारखाना बघायला माणूस पाठवते, त्याला ऑडिट म्हणतात. मागच्या दाराला कायम कुलूप. तिथून माल पळेल, अशी शेठला भीती. न उघडणारं दार म्हणजे भिंतच, म्हणून आम्ही बायकांनीच त्यावर गणपतीची तसबीर ठोकली होती. रोज हार, उदबत्ती. हाराखाली कुलूपही दिसेना.

शेठ चावी शोधायला गेला. माझ्या शेजारची शेवंता पुटपुटली, "देव हलवला तर वाईट होईल हां."

बाईंनी ऐकलं. आमच्यात बाकावर बसल्या आणि सांगायला लागल्या. नव्वदेक वर्षांपूर्वी, १९११ साली, अमेरिकेत असाच ब्लाऊजचा कारखाना होता, उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर. दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेल्या पोरी तिथे शिवायच्या. सुटायच्या वेळेला आग लागली. एका दाराला कुलूप होतं. बंबाची शिडी तिथवर पोचली नाही. पोरींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या.

"आणि मालक?" मी विचारलं.

"कोर्टातून सुटले. कायदे मात्र बदलले."

मशीन चालू होत्या, पण मला आवाज येईना. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात कापसाचं तूस तरंगत होतं. त्या तुसातून मला पोरी दिसायला लागल्या. लांब झगे, वर बांधलेले केस, बोटांवर सुईचे डाग. एकीने माझ्या मांडीवरचा ब्लाऊज उचलला, शिवण उलटून बघितली आणि परत ठेवला. मग सगळ्या तसबिरीकडे चालत गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांनाही वाटत होतं, ती भिंत आहे.

मी उठले. स्टूल घेतलं.

"मावशी, काय करतेस?" शेवंता ओरडली.

"बाबा, जरा सरक," मी गणपतीला म्हटलं आणि तसबीर काढली.

चावी सापडली, पण कुलूप गंजलेलं. तेल घालून निघालं. दार उघडलं तसा खाडीकडचा वारा आत आला. समोर मिठागरं पांढरी पडली होती, एवढी की आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. जमिनीवरचे धागे उठले आणि गाळाभर उडायला लागले. शिवणाऱ्या बायकांनी मशीन थांबवल्या. कितीतरी वेळ सगळ्या नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ नवं कुलूप घेऊन आला. "मावशी, ऑडिट हो गया. भगवान को वापस लगाओ."

मी माझा गठ्ठा उचलला आणि त्या दाराच्या उंबऱ्यात जाऊन बसले. तिथेच धागे कापायला लागले.

"उठ जाओ, मावशी. नहीं तो कल से मत आना."

"नाही येत. पण आज संध्याकाळी माल जायचाय ना?"

शेवंता माझ्याकडे बघत होती. मग तीही गठ्ठा घेऊन आली. "सरक गं. देवाला सरकवलंस, मला काय घाबरतेस?" तिच्या मागून बाकीच्या कटिंगवाल्या आल्या. दाराबाहेरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसल्या. काम कुणी बंद केलं नाही, त्यामुळे शेठला ओरडायला कारण मिळेना. माल वेळेवर गेला. कुलूप खिशात घालून तो दोनदा आला आणि परत गेला.

पुढच्या ऑडिटला बाई आम्हालाच बोलल्या. दारात गठ्ठे ठेवायचे नाहीत म्हणे. गठ्ठे आत घेतले, आम्ही एका बाजूला सरकून बसलो. देवाला समोरच्या भिंतीवर जागा दिली. शेवंताच्या मते तो तिथे जास्त खूश होता.

आमच्या गाळ्यात कधी आग लागली नाही. शेठ शेवटपर्यंत विचारायचा, "मावशी, वो दरवाजे का फायदा क्या हुआ?"

मी सांगायची, "वारा आला."