आप्पांचा आवाज कुणाकडं आहे का?

आप्पा गेले हार्ट अटॅकनं. त्यांचा आवाज मात्र माझ्यामुळं गेला.

आज वर्ष झालं. फोटो, हार, मेणबत्ती, हात जोडलेले, अशी पोस्ट टाकणार होते. नाही जमली. ही वेगळी आहे. शेवटपर्यंत वाचा, पाया पडते.

माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे पॉइंट फिरवून गाडीचा रूळ बदलणारे. दौंडच्या पुढं एकेरी लाइनीवर जी लहान लहान स्टेशनं आहेत, तिथं त्यांची सगळी नोकरी गेली. आई आधीच गेलेली, त्यामुळं रिटायर झाल्यावर दौंडच्या घरी एकटेच.

मी स्मार्टफोन घेऊन दिला. म्हटलं, "आप्पा, आता इंटरनेट शिका."

आणि माणूस खरंच शिकायला बसला की!

आता मी कोण, तर शिरूरला कॉम्प्युटर क्लास घेणारी मॅडम. बेसिक बॅच. ब्राउझर म्हणजे काय, लिंक म्हणजे काय, डाउनलोड कसं करायचं.

साठीच्या बायका येतात माझ्याकडं. एकच गोष्ट दहादा विचारतात. मी दहादा हसत हसत सांगते.

बापाला मात्र फोनवर सांगायचे. घाईत. वैतागून.

ते जुन्या ड्युटीच्या डायरीत लिहून घ्यायचे, आपल्या रेल्वेच्या भाषेत.

"ब्राउझर : स्टेशन. कुठं बी जायचं तर हितूनच."

"लिंक : पॉइंट. दाबला की गाडी दुसऱ्या रुळावर."

"पासवर्ड : सख्ख्या भावाला बी सांगायचा न्हाई."

वाचून मी हसले होते. क्लासमध्ये सांगितलं तर बायकाही हसल्या.

मग त्यांना फोनमधला रेकॉर्डर सापडला. माझी मुलगी सई सात वर्षांची. तिच्यासाठी ते गोष्टी बोलून ठेवायला लागले. रुळावर ठाण मांडून बसलेल्या म्हशीची. सिग्नलच्या खांबावर चढलेल्या माकडाची. रविवारी आम्ही दौंडला गेलो की दोघं खाटेवर बसून ऐकायची. म्हशीच्या गोष्टीत आप्पा स्वतः हंबरायचे. सई हसून हसून खाली पडायची.

"आप्पा, मला पाठवा की त्या गोष्टी."

"न्हाई. हितं येऊन ऐका."

"मग निदान बॅकअप तरी ऑन करा. सगळं आपोआप वर अपलोड होतं."

"बघू."

मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे.

एकदा ऐन बॅचमध्ये त्यांचा फोन आला.

"सुजे, अपलोड म्हंजी वर जातं म्हणलीस. मग वर गेल्याव हितं काय ऱ्हातं?"

"अहो आप्पा, किती वेळा सांगू? नुसतं बटण ऑन करा! बायका खोळंबल्यात माझ्या."

"व्हय व्हय. कर तू तुझं काम."

परत कधी विचारलं नाही त्यांनी.

ते गेल्यावर फोन मी कपाटात ठेवून दिला. ऐकायची हिंमतच नव्हती. गेल्या महिन्यात सई म्हणाली, "आई, आप्पांची म्हशीची गोष्ट लाव ना."

फोन काढला. चालूच होईना.

दौंडला दाखवला. शिरूरला दाखवला. पुण्यात दोन ठिकाणी दाखवला. बोर्ड गेलाय, आतलं काही निघणार नाही. आणि सगळीकडं एकच प्रश्न, "मॅडम, बॅकअप आहे ना?"

हे मला विचारतायत. मला!

परवा ती डायरी उघडली. अपलोडच्या पुढं लिहिलंय :

"अपलोड : टोकन ड्रायव्हरच्या हातात. माघारी मिळतं का? सुजीला विचारणे."

टोकन म्हणजे काय, ते सांगते. एकेरी लाइनीवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनातून ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा द्यायचे. तो ज्याच्याकडं, त्याचीच गाडी पुढं जाणार. एका वेळी एकच गोळा. दिला की आपला हात रिकामा.

आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. त्यांना वाटलं, गोष्ट वर पाठवली की फोनमधून गेली. सईला पाठवली की संपली. माझा बाप हट्टी नव्हता हो. नातीच्या गोष्टी हातातून जातील म्हणून भीत होता.

'आप्पा, कॉपी जाते, तुमची तुमच्याकडंच राहते.' एवढंच सांगायचं होतं मला. अर्धं मिनिट लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, तुझ्याकडं त्यांचे व्हॉइस मेसेज असतीलच की. होते. रोज सकाळी यायचे. स्टोरेज फुल झालं म्हणून मी चॅट क्लिअर केलं. क्लासच्या पीडीएफ तेवढ्या ठेवल्या.

थू माझ्या जिंदगीवर.

सई आता विचारते, "आप्पांचा आवाज कसा होता गं?" मी हंबरून दाखवते. ती म्हणते, "असा नव्हता."

म्हणून हात जोडून मागते. आप्पांच्या रेल्वेतल्या मित्रांनो, दौंडच्या आमच्या गल्लीतल्या मामा-मावश्यांनो, आप्पा तुम्हालाही रोज सकाळी बोलून मेसेज टाकायचे. "जय भीम, उठला का, च्या झाला का" एवढंच असायचं. तुम्ही कंटाळून ऐकलेही नसतील. फोनमध्ये खाली खाली जाऊन बघा. एक तरी सापडेल. नुसतं खोकलेले असले तरी चालेल.

सापडला की मला पाठवा.

घाबरू नका. पाठवला तरी तुमचा तुमच्याकडंच राहतो.

आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच होतं. वर्ष उशिरा देतेय.

जय भीम, आप्पा. तुमची सुजी.