कोऱ्या चेहऱ्यांवरचा राग

“हे डिप्रेशन आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि मला वाटलं, त्या माझ्यावर चिडल्या आहेत.

मी सॉरी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. “सॉरी कशाबद्दल?” त्यांनी विचारलं.

तोवर झोप आणि भूक दोन्ही गेली होती. नोकरीसाठी मी पुण्यात बिबवेवाडीला आत्याकडे राहत होते. आत्या निवृत्त शिक्षिका, घरात एकटी, बोलणं पहिल्यापासून तिरकं. “उठलात? या, सूर्य अजून आहे थोडा शिल्लक.” पूर्वी मी हसायचे. आता वाटायचं, तिला मी घरात नको आहे. मी ताट घेऊन खोलीत जाऊन जेवू लागले. कात्रजला एक खोलीही पाहून ठेवली. तिथे कुणाशी बोलावं लागणार नव्हतं. आत्याला यातलं काही सांगितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडेही पाठवलं. वेटिंग रूममध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला ते बरं वाटलं.

आत सायकॉलॉजिस्टनी कॉम्प्युटरवर चेहरे दाखवले. प्रत्येकावरचा भाव ओळखायचा. मी भराभर सांगितलं: रागावलेला, वैतागलेली, रागावलेला.

“यातल्या बऱ्याच चेहऱ्यांवर काहीच भाव नाही,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा पाहिलं. मला रागच दिसत होता.

त्यांनी समजावलं: याला निगेटिव्ह बायस म्हणतात, म्हणजे ज्याचा अर्थ स्पष्ट नाही त्याचा मेंदू वाईटच अर्थ लावतो. अमिग्डला हा मेंदूतला धोका टिपणारा भाग. डिप्रेशनमध्ये तो अनेकदा उदास, रागीट चेहऱ्यांनी जास्त चाळवतो आणि हसरे चेहरे फिके पडतात. “तुम्ही नाटक करत नाही आहात. तुम्हाला खरंच तसं दिसतं,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच निर्णय घेण्याआधी विचारा.”

विचारणं हेच मला सगळ्यांत अवघड. मी टाळत राहिले. मग एका संध्याकाळी मी ताट घेऊन वळले, तेव्हा मागून आत्या म्हणाली, “पार्सल सेवा छान चाललीये आपली.”

“आत्या, मी इथे नकोय का तुला?”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, तू हसायची थांबलीस. म्हणून तर मी जास्तच बोलत होते.”

मी ताट टेबलावर ठेवलं आणि बसले. कात्रजची खोली नको असल्याचं मालकांना कळवलं.

गोळ्या अजून चालू आहेत. एकटं वाटायचं थांबलेलं नाही. तुम्हालाही हल्ली सगळेच आपल्यावर नाराज वाटत असतील, तर डॉक्टरांना भेटा, आणि घर सोडण्याआधी एकदा विचारा. आत्याचा त्या संध्याकाळचा चेहरा मला अजूनही रागीटच आठवतो. शब्द मात्र जसेच्या तसे आठवतात, आणि त्यांच्यासाठी मी तिची ऋणी आहे.