फ्लेक्सवरचे ते हात ह्यांचे नव्हते

गेल्या सोमवारी सकाळी देवळातून परत येताना आमच्या नाक्यावर हे दिसले… भल्यामोठ्या फ्लेक्सवर. दुसऱ्या दिवशी ह्यांचं वर्षश्राद्ध होतं.

फ्लेक्स लावला होता पुतण्याने, निलेशने. उरणला त्याचे कंटेनरचे ट्रेलर चालतात, नाक्यावर त्याचा शब्दही चालतो. मागे बर्फाचा डोंगर, बाजूला रणगाडा, वर 'शूर योद्ध्यास भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मध्ये हे, हातात मशीनगन घेऊन.

मी तिथेच थांबले. चेहरा ह्यांचाच होता, आमच्या मुलीच्या, मनीषाच्या लग्नातल्या फोटोतून घेतलेला. पण हात बघितले… गुळगुळीत, कुणा परक्या माणसाचे.

ह्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. डोंगरावरच्या चौकीत एकदा उकळत्या डाळीचा टोप कलंडायला लागला, तो ह्यांनी हातानेच धरला. डाळ सांडली असती तर पहाऱ्यावरची पोरं उपाशी राहिली असती… वर दुसरं काही शिल्लक नव्हतं.

हो, हे फौजेत स्वयंपाकी होते. सरळ लिहिते, कारण ते चारचौघांत निघू नये म्हणून आमच्याच घरात वर्षानुवर्षं धडपड चालली होती. ह्यांना स्वतःला कधी लाज वाटली नाही. कुणी "काका, किती मारले?" विचारलं की म्हणायचे, "किती जेवले ते विचार."

रिटायर होऊन घरी आले तेही तसेच. दोन्ही मुलींचे डबे ह्यांनीच केले. मला मलेरिया झाला तेव्हा मऊ भात भरवला, शेजारच्या बायका हसल्या तर त्यांच्यापुढेही वाटी ठेवली.

आणि सगळे जेवून उठेपर्यंत पानावर बसायचे नाहीत. सासूबाई रागवायच्या, पुरुषमाणूस कधी शेवटी जेवतो काय… हे नुसते हसायचे आणि उभ्याउभ्याच टोप खरवडून जेवायचे.

तर, निलेशला बोलावून घेतलं. आला तो खुशीत.

"काकी, कसला भारी झालाय ना?"

"हात कुणाचे आहेत?"

"नेटवरचे. हात कोन बघतंय?"

"मी बघते. उतरव."

मग तो चिडला. "स्वयंपाकी म्हणून लावू काय? शाळेत पोरं मला भांडीवाल्याचा पुतण्या म्हणायची, माहीत हाय तुला? सगळ्यांना सांगितलंय मी, माझे काका बॉर्डरवर लढले म्हणून."

त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, मध्ये पडले. "वहिनी, एका दिवसाचा प्रश्न हाय. उद्या पाहुणे येतील, गावात शोभा नको."

निलेशचं मला वाईट वाटलं. ह्यांच्याच हातचं खाऊन मोठा झालेला पोर तो, आणि प्रेमानेच केलं होतं त्याने. पण मी दहावी शिकलेली, घरचा जमाखर्च लिहिणारी बाई. जे आलंच नाही ते मी जमेला धरत नाही… आणि जे आहे ते कुणाला खोडू देत नाही.

कुणीच हलेना. मग मी घरून स्टूल आणि कोयती आणली, देवीचं नाव घेतलं आणि चढले.

ट्रेलरवाले गाड्या थांबवून बघत होते. विधवा बाई, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, नवऱ्याचा फ्लेक्स उतरवतेय… म्हटलं, बघा. मनीषा धावत आली. मला वाटलं, आता ही मला खाली ओढणार. तिने स्टूल धरलं.

खालच्या दोऱ्या मी कापल्या. वर माझा हात पोचेना, त्या तिने कापल्या.

मग त्याच बांबूला मनीषाच्या लग्नातला तोच फोटो अख्खा बांधला, फ्रेमसकट. अंगात गंजी, गळ्यात टॉवेल, हातात झारा, समोर भाताचा टोप, आणि हातावर तो डाग. खाली मनीषाने पुठ्ठ्यावर लिहिलं… 'फौजेतले स्वयंपाकी. ह्यांच्या हातचं जेवून जवान पहाऱ्यावर उभे राहायचे.'

दुपारपर्यंत गावभर झालं. "बाईचं डोकं फिरलं," असंही कुणी म्हणाल्याचं कानावर आलं. मी दुसऱ्या दिवसासाठी डाळ निवडत बसले.

मंगळवारी विधी आटोपले, पंगत बसली. निलेश आला, पण माझ्याकडे बघेना. कोपऱ्यात जरा वेळ उभा राहिला, मग डाळीची बादली उचलली आणि वाढायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटची पंगत उठली तेव्हा मी त्याचं पान वाढायला घेतलं. "राहू दे काकी," एवढंच म्हणाला. टोपाशी गेला आणि उभ्याउभ्याच खरवडून जेवायला लागला.

"अरे, बस की," दीर म्हणाले.

"काका बसायचे काय?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

फ्लेक्सबद्दल तो माझ्याशी अजून बोललेला नाही. बोलेल… नाही बोलला तरी मी केलं ते बरोबरच केलं. फ्लेक्स मी टाकून दिला नाही. ह्यांचा चेहरा तेवढा कापून देव्हाऱ्याखाली जपून ठेवला आणि उरलेला पावसाआधी लाकूडफाट्यावर घातला. रणगाडा वर आलाय, पाणी चांगलं अडवेल.

देवाने मला स्वयंपाक्याची बायको केलं, त्याचे उपकार आहेत. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आमच्या घरी यावं… आधी जेवावं, मग हसावं.