रुसलेल्या यानाचं दार

माणूस टीव्हीवर काम करतो म्हटलं की लोकांना त्याचं तोंड बघायचं असतं. दारोबांची अडचण अशी, की एका गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत ते कामाला होते आणि त्यांचं तोंडच काय, नखसुद्धा कधी पडद्यावर आलं नाही. आलं असतं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. कामच तसं होतं.

मालिका अंतराळातली होती. आता तिची गणना थोर जुन्या मालिकांत होते, म्हणजे तेव्हा जे तिला नावं ठेवायचे तेच आता डोळे पुसत बघतात. चंदेरी कपड्यातला कप्तान, अंगाला हिरवा रंग फासलेला त्याचा परग्रहावरचा मदतनीस आणि प्रकाशालाही मागे टाकणारं त्यांचं यान. यान प्लायवूडचं होतं. कप्तान जवळ आला की यानाचं दार मधोमध दुभंगून आपोआप उघडायचं आणि घरोघरी माणसं तोंडात बोटं घालायची, काय हे विज्ञान! ते विज्ञान दाराच्या मागे लाकडी स्टुलावर दोरी धरून बसलेलं असायचं. दोरी ओढली की कप्पी फिरायची आणि दाराच्या दोन्ही फळ्या पडद्याच्या रुळावरून सरकायच्या. सुतारखात्यातून उचलून आणलेल्या ह्या विज्ञानाचं नाव स्टुडिओनं दारोबा ठेवलं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव त्यानंतर कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

आता कुणी म्हणेल, दोरीच तर ओढायची. म्हणणाऱ्याचं काय जातं! दारामागे मिट्ट काळोख. कप्तान कुठवर आला ते दिसायला नको? म्हणून सुरुवातीला दारोबांनी फळीला एक बारीक भोक पाडलं. पण मागचा दिवा चुकून कुणी लावला की ते भोक पडद्यावर लुकलुकायचं. यानाच्या आतच एक तारा उगवलाय हे कळल्यावर दिग्दर्शकानं भोक बुजवायला लावलं आणि भोक पाडणाऱ्याची चांगली खरडपट्टी काढली. मग राहिले फक्त कान. कप्तानाच्या बुटांच्या टाचा जाड होत्या. त्याचं पाऊल लाकडी फळीवर पडलं की ठोका ऐकू यायचा. एक ठोका, दुसरा ठोका, आणि तिसरा पडायच्या आत दोरी ओढायची. कानात सगळा जीव आणण्यासाठी दारोबा डोळे गच्च मिटून घ्यायचे. अंधारात डोळे मिटून, मान खाली घालून बसलेला माणूस दुसऱ्याला कसा दिसतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

ज्या भागामुळे मालिका अमर झाली, तो मुळात विनोदी नव्हताच. तो होता अतिशय करुण. यानाचा मेंदू हळूहळू विझत चाललाय आणि कप्तान जड पावलांनी त्याचा निरोप घ्यायला जातो, असं लेखकानं लिहिलं होतं. लिहिताना आपण किती वेळा रडलो हे तो भेटेल त्याला सांगत होता. दिवे लागले. सगळीकडे शांतता झाली. कप्तान डोळ्यांत पाणी आणून निघाला आणि बंद दारावर नाकासकट जाऊन आदळला. थाड! मग, त्याचं नाक पुरतं शेकून झाल्यावर, दार अदबीनं उघडलं.

हिरवा मदतनीस इतका हसला की त्याच्या गालावरचा रंग पोपडे होऊन खाली आला. कॅमेरावाल्याचा कॅमेरा हलायला लागला. लेखक मात्र पुन्हा रडला. फुकट घालवायला फिल्म नव्हती आणि स्टुडिओ संध्याकाळी दुसऱ्यांना द्यायचा होता. दिग्दर्शक डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "यान मरत नाहीये. यान रुसलंय."

झालं! अख्ख्या कथेनं कूस बदलली. कप्तानानं दुसऱ्या एका यानाची स्तुती केली म्हणून आपलं यान फुगून बसलंय. दार सगळ्यांसाठी उघडतं, कप्तानासाठी नाही. तो तावातावानं आला की बंद होतं, पाठ फिरवली की उघडतं, माफी मागायला लागला की बोटभर किलकिलं होतं आणि अर्ध्या माफीत पुन्हा मिटतं. हे सगळं दारोबांनी त्या एका दोरीवर करून दाखवलं. रुसलेलं दार कसं वागतं ह्याचा अभ्यास करायला त्यांना लांब जावं लागलं नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

भाग लागला आणि लोक हसून हसून लोळले. मग श्रेय घ्यायला मंडळी पुढे सरसावली. ते नाक आपण मुद्दाम आपटलं, असं कप्तानानं पहिल्याच मुलाखतीत सांगितलं. "विनोद हा हिशोबाचा खेळ आहे," कप्तान म्हणाला, "मी तो अपघात आठवडाभर मनात घोळवत होतो." पुढे त्याला विनोदी अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ते घेताना त्यानं आईचे, वडिलांचे, गुरूंचे आणि केशभूषाकाराचे आभार मानले. दाराचे मानले नाहीत.

ही झाली जगातली हकीकत. घरातली वेगळी होती. नाक आपटलं त्या क्षणी एक सहायक धावत मागे गेला होता आणि त्याला दारोबा डोळे मिटून बसलेले दिसले होते. दिवस मावळायच्या आत स्टुडिओभर झालं, दारोबा झोपला होता. ही बातमी नवऱ्याच्या आधी घरी पोचली आणि बायकोनं ती दोन्ही हातांनी झेलली. तेव्हापासून तो भाग जेव्हा जेव्हा लागे, तेव्हा ती शेजाऱ्यांना बोलावून खुर्च्या मांडे. कप्तान निघाला की बोट दाखवून म्हणे, "आता बघा हं. आमचे हे झोपलेत." थाड! सगळे हसत. मेहुण्यानं तर एका वाढदिवसाला दारोबांना गजराचं घड्याळ दिलं, आणि वर विचारलं की एक पुरेल ना.

दारोबा झोपले नव्हते. झालं होतं ते असं. थाड ऐकल्याबरोबर त्यांनी दोरी ओढली आणि वाकून उघडत्या फटीतून बघितलं. समोर कप्तानाचे पाय होते आणि त्या पायांत बूट नव्हते. मेकअपवाल्या बाईंच्या मऊमऊ गुलाबी सपाता होत्या! कप्तानाच्या तळपायाला भोवरी झाली होती, बूट सोसवत नव्हते आणि कॅमेरा कमरेच्या वरच होता. अंतराळाचा धनी सपाता घालून फिरत होता आणि सपातांचा ठोका पडत नाही. दारोबांनी हे ज्याला त्याला सांगितलं. तोवर कप्तान बूट चढवून ऐटीत उभा होता. "सपाता? मी?" त्यानं विचारलं, आणि सगळ्यांनी दारोबांकडे कीव आल्यासारखं बघितलं.

जगाचं दारोबांनी फारसं मनावर घेतलं नाही. जग त्यांना ओळखतच नव्हतं, तर ते बदनाम तरी कुठून करणार? पण बायकोचं लागायचं. हाताला दोरीचे घट्टे पडले, कान इतके तयार झाले की जिन्यावर कोण चढतंय ते घरात बसून सांगता यावं, आणि घरच्या माणसाच्या लेखी आपण कोण, तर झोपलेला माणूस. तिनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, की तुम्ही जागे होता. केस पिकले तरी एवढं एकच मागणं शिल्लक होतं.

"अगं, सपाता होत्या त्या," ते म्हणायचे.

"होत्या ना," ती म्हणायची. "स्वप्नात."

मालिकेच्या चाहत्यांनी एक मंडळ काढलं होतं. रिकामपण माणसाला काय काय करायला लावतं! मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि रुसलेल्या यानाच्या मनात नेमकं काय चाललं होतं ह्यावर ते तासभर बोलू शकत. पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना कुणी अडवतही नसे. ह्या मंडळानं एका दुपारी शाळेचा हॉल घेऊन कप्तानाचा सत्कार ठरवला. त्यात कप्तान तो अजरामर प्रसंग पुन्हा करून दाखवणार होता; फक्त ह्या खेपेला नाक लागायच्या आत दार उघडणार होतं. दारोबांना कुणी बोलावलं नव्हतं. बायकोनंच तिकिटं आणली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मंचावर हुबेहूब तसंच दार केलं होतं, पण विजेचं. माणूस समोर आला की स्वतःहून उघडणारं. पाहुणे यायच्या आधीच ते फुलदाणीसाठी उघडलं, झाडूवाल्यासाठी उघडलं, एका माशीसाठी तर दोनदा उघडलं, आणि अध्यक्ष त्याचं कौतुक सांगायला उभे राहिले तेव्हा जे मिटलं ते मिटलं. चार सुशिक्षित माणसांनी त्याला ढकललं. एकानं त्याला समजावून सांगितल्यासारखंही केलं.

"कुणाला जमतं का हो हे?" अध्यक्षांनी काकुळतीला येऊन विचारलं.

"आमच्या ह्यांना जमतं!" बायको ओरडली आणि दारोबांचा हात धरून तिनं तो स्वतःच वर केला. "झोपले नाहीत तर."

हॉलमध्ये हशा पिकला. दारोबा नाइलाजानं उठले. वायरी काढून टाकल्या, मंचामागच्या पडद्याची दोरी सोडवली, ती फळ्यांना बांधली, एक स्टूल मागून घेतलं आणि काळोखात बसले. तेवढ्यात कप्तान मागच्या बाजूनं आला. वय झालं होतं, पण छाती अजून पुढे आणि पँट पार जमिनीपर्यंत. त्याच्या कॉलरला अध्यक्षांनी माइक चिकटवला होता.

"आपण कुठे भेटलोय का?" त्यानं दारोबांकडे बघून हसत विचारलं.

"नाही," दारोबा म्हणाले. "आपल्या मधे दार होतं."

दिवे मालवले, मंचावरचे तेवढे लागले. टाळ्या पडल्या, थांबल्या. दारोबांनी डोळे मिटले आणि कान टवकारले. कप्तान निघाला असणार. पण ठोका नाही. काहीच नाही. मंच लाकडाचा होता, त्यावर टाचणी पडली असती तरी कळलं असतं. आता हा पुन्हा आपटणार आणि पुन्हा मीच झोपलो होतो असं ठरणार. तेही आख्ख्या हॉलसमोर, आणि पहिल्या रांगेत ती बसलेली. आधीच ओढावी, तर प्रसंग वाया जाईल. न ओढावी, तर ह्या वयात म्हाताऱ्याचं नाक जाईल.

तेवढ्यात दारापलीकडून कुजबुज आली. ती दारोबांना आली आणि माइकमधून सगळ्या हॉललाही आली.

"दारोबा, आहात ना? ऐका. दिव्यांनी काही दिसत नाहीये मला. आणि आजही सपाताच आहेत हो, पाऊल वाजायचं नाही. मी खोकलो की लगेच ओढा. तेव्हासारखं नको. ते नाक अजून थंडीत ठणकतं."

हॉल जो हसला, तसा तो मूळ भागालाही हसला नसेल. कप्तान बिचारा खोकायचंच विसरला. दारोबांनी आपल्या हिशोबानं दोरी ओढली, दार झोकात दुभंगलं आणि कप्तान सपातांसकट आत आला. "ह्याला म्हणतात टायमिंग!" तो हात पसरून सांगायला लागला, पण अध्यक्षांसकट सगळे त्याच्या पायांकडे बघत होते.

दारोबांनी विषय घरी येईपर्यंत राखून ठेवला. इतक्या वर्षांची चव घाईनं घ्यायची नव्हती. बायकोनं चहा टाकला. कप पुढ्यात आल्यावर त्यांनी सुरुवात केली.

"ऐकलंस ना?"

"सगळ्या हॉलनं ऐकलं. मी काय बहिरी आहे?"

"मग? झोपलो नव्हतो ना मी?"

"मला काय नवीन आहे त्यात?" ती म्हणाली.

दारोबांनी कप खाली ठेवला.

"अहो, तुम्ही झोपलात की घोरता. भिंतीपलीकडची माणसं उठून बसतात. तुम्ही झोपला असतात तर कप्तानाच्या नाकाआधी तुमचं घोरणं टीव्हीवर आलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं मला."

"मग इतकी वर्षं? सगळ्यांसमोर?"

ती ओटा पुसत होती. पुसून झालेलीच जागा पुन्हा पुसत होती. "मालिका सुरू झाली तेव्हा सगळ्या जिन्याला बोलावलं होतं मी. आमचे हे आहेत ह्यात, म्हणून. सगळे विचारायचे, कुठे आहेत? मी म्हणायची, त्या दारामागे. दार उघडायचं, मिटायचं. कुणी बघायचंसुद्धा नाही. आपसात बोलायला लागायचे. मला इतकं वाईट वाटायचं! मग तो भाग लागला, आणि मी म्हटलं, आता बघा, आमचे हे झोपलेत. सगळे दाराकडे बघायला लागले. अजून बघतात." तिनं फडकं पिळलं. "वेळेवर उघडणाऱ्या दारामागे कोण बसलंय हे कोण विचारतं हो?"

दारोबांना बोलायचं बरंच होतं. पण त्यांनी आधी चहा प्यायला. तो निवला होता.

पुढे काही महिन्यांनी तो भाग पुन्हा लागला. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं, तीही मंडळी आली. खुर्च्या मांडल्या. कप्तान जड पावलांनी निघाला. बायकोनं सवयीनं बोट उचललं, मग दारोबांकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"तुम्ही होतात ना ह्यात?" नव्या शेजाऱ्यानं विचारलं. "कुठे दिसता?"

"ते काय, त्या दारामागे," दारोबा म्हणाले आणि खुर्चीत सरसावून बसले. "आता नीट बघा हं. गाढ झोपलोय मी."