धुण्याच्या खुणा आणि विमलमावशी

शिवणाच्या खोलीत संध्याकाळी कितीही झाडून घेतलं तरी सकाळी मशिनींखाली दोऱ्याचे तुकडे असतातच. कोणी टाकले, कधी टाकले, सांगता येत नाही. आमच्याकडच्या किश्शांचंही तसंच आहे. मी ते गोळा करायचं ठरवलं नव्हतं. पण आदिलाबादला घरी गेले की वडील ताटावर बसल्या बसल्या विचारतात, "आज काय झालं तुझ्या गोदामात?" आणि आईने वाढलेलं वरण थंड होईपर्यंत मी बोलत राहते.

आधी गोदामाबद्दल सांगते. मी परदेशात वस्त्रशास्त्र शिकले. तिथे मला एक खूळ लागलं: कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचा शर्ट शिवला गेला पाहिजे. ते खूळ घेऊन मी आदिलाबादजवळ, तेलंगणातल्या जैनथकडच्या एका गावात आले. सोसायटीचं गोदाम रिकामं होतं. दहा मशिनी मांडल्या, दहा बाया जमल्या. सोसायटीचे चेअरमन नामदेवभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, पहिला बाहेरदेशी माल पास झाला तं गोदाम तुमचं. नाई झाला तं सोयाबीनचं."

दहा जणींतल्या नऊ जणींचं तसं काही अडणार नव्हतं. विमलमावशींचं अडणार होतं. माझ्या शब्दावर त्यांनी शाळेतलं पोरांचा भात शिजवायचं काम सोडलं होतं, आणि त्यांच्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा होती.

ऑर्डर होती तीनशे शर्टांची. घेणाऱ्या बाई जर्मनीतल्या, कंपनी छोटी, पण माल चार देशांत विकणार. आणि शर्ट एकच असला तरी प्रत्येक देशाला आतली ती बोटभर पट्टी आपापल्या नियमाने हवी. कापड कशाचं, कुठे शिवलं, कसं धुवायचं. शिवण जरा इकडची तिकडे झाली तर लोक सांभाळून घेतात. लेबल चुकलं तर माल परत.

\* \* \*

पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर खडूने धुण्याच्या खुणा काढल्या. टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं. मग टबात एक हात काढला आणि म्हटलं, "याचा अर्थ, मशीनमध्ये टाकू नका, हाताने धुवा. ही खूण कितीतरी देशांत चालते."

मावशी चष्मा वर सरकवून बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिल्या.

"हे चित्र कोणं काढलं?"

"असते एक मोठी समिती. देशोदेशीचे लोक बसून ठरवतात."

"समितीत सारे बाप्येच असतीन."

"काऊन वं मावशी?" अनिताने विचारलं. अनिता आमच्यातली सगळ्यांत लहान, तेलुगु शाळेत दहावीपर्यंत शिकलेली.

"एकच हात काढला न. धुणारीनं काढलं असतं तं दोन काढले असते."

मी खडू घेतला आणि टबात दुसरा हात काढला.

\* \* \*

वाळवण्याच्या चौकोनात कोपऱ्याला दोन तिरप्या रेघा असल्या की अर्थ होतो, सावलीत वाळवा. मी रेघा काढल्या आणि विचारलं, "हे काय असेल?"

"पाऊस येऊन राह्यला, कपडे उचला," रुखमाबाई म्हणाल्या. इस्त्रीचं टेबल त्यांचं.

मी खरा अर्थ सांगितला. एप्रिल संपत आला होता, पत्रा तापून वरून कडकड आवाज करत होता.

"सावलीत," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "ताई, या दिवसात आमी सोता सावलीत जागा शोधून राह्यलो. तिथं शर्टाला कोण बसू देईन?"

मी म्हटलं, आपण करूनच पाहू. दोन निळे शर्ट घेतले. एक उन्हात, एक सावलीत. रोज भिजवायचे, रोज वाळवायचे. आठवड्याभरात उन्हातल्या शर्टाचे खांदे फिके पडले. आता वाद नव्हता. खूण राहिली. सावलीतला शर्ट पुढेही वाळवून पाहायचा होता, म्हणून रुखमाबाईंनी तो घरी नेला, पडवीत त्याच्यासाठी दोरी बांधली आणि नवऱ्याची बाज अंगणात काढली.

\* \* \*

इस्त्रीच्या खुणेत टिंबं असतात. एक टिंब म्हणजे कोमट, दोन म्हणजे गरम, तीन म्हणजे कडक. आमची इस्त्री कोळशाची, कारण दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही.

रुखमाबाईंनी विचारलं, "एक टिंब म्हंजे किती कोळसे?"

मी तापमानाचे आकडे सांगायला लागले. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाण्याचा थेंब टाकून पाह्यजो. गुमान वाळला तं एक टिंब. चुर्र केलं तं दोन. उड्या मारत पळाला तं तीन."

शिकताना मी या विषयावर एक आख्खी परीक्षा दिली होती.

\* \* \*

कॅनडाचं लेबल आलं तेव्हा अनिता ते घेऊन माझ्याकडे धावत आली. "ताई, छापणाऱ्यानं घोटाळा केला. एकच गोष्ट दोनदा लिहिली, अन् दुसऱ्यांदा तं इंग्रजीबी नाई."

मी सांगितलं की घोटाळा नाही. तिथे इंग्रजी बोलणारे आहेत, फ्रेंच बोलणारे आहेत. कापड कशाचं हे दोघांनाही आपापल्या भाषेत वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. आणि मग, माझ्या सवयीप्रमाणे, मी जरा भाषणच केलं. भाषा म्हणजे माणसाचा मान, एका बोटभर पट्टीवरसुद्धा तो राखला जातो, किती मोठी गोष्ट आहे, वगैरे.

मावशी सुईत दोरा ओवत होत्या. "माह्या घरी मी मराठी बोलतो, सून तेलुगु बोलते, अन् तिची माय आली का गोंडी. अन् तिघींचे लुगडे एकाच बादलीत."

"मग भांडण नाही होत?"

"होते न. पन थे भाषेवरून नाई, बादली कोणं उचलायची याच्यावरून."

\* \* \*

मानेमागच्या लेबलवर लिहिलेलं असतं, 'मेड इन इंडिया'. अमेरिकेसाठी ते तिथेच, मानेच्या मध्यावर लागतं. अनिताने ते वाचून सगळ्यांना अर्थ सांगितला.

रुखमाबाई पाठ धरून उठल्या. "सकाळपासून पाठ माही दुखून राह्यली, अन् नाव देशाचं?"

मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की मी त्याच दिवशी जर्मनीला पत्र पाठवलं: आम्हाला लेबलवर गावाचं नाव घालायचं आहे. उत्तर आलं की देशाचं नाव पुरेसं आहे, पण गावाचंही घालायचं असेल तर हरकत नाही, फक्त ते खरं असल्याचा पुरावा द्या.

मी ते वाचून दाखवलं. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"पुरावा?" रुखमाबाई म्हणाल्या. "म्हना, या अन् पाठ दाबून पाहा."

\* \* \*

नियमांमधला मला सगळ्यांत आवडणारा नियम अमेरिकेचा आहे. लेबलवर धुण्याबद्दल जे लिहाल, त्याला आधार पाहिजे. मनाला आलं म्हणून लिहायचं नाही. मला वाटतं, लेबल म्हणजे कधीही न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द. तो माणूस हैदराबादचा असो की हॅलिफॅक्सचा, त्याने आपल्यावर विश्वास ठेवून शर्ट पाण्यात घातला आहे.

हे मी बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "शब्द मंगच्या मंग. पैले धू."

शहरातल्या प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा येणार होता. तरी आम्ही आमची परीक्षा घ्यायचं ठरवलं. प्रत्येकीने एक शर्ट घरी न्यायचा, दहा वेळा धुवायचा, आणि काय झालं ते वहीत लिहायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं अनिता लिहून घेई.

महिन्याने शर्ट आले. एक नीळ घातल्यामुळे ढगासारखा झाला होता. मावशींनी आपला शर्ट नदीवर नेऊन दगडावर धोपटला होता. दोन बटणं फुटली होती, पण लेबल जसंच्या तसं. "लेबल मी शिवलं," त्या म्हणाल्या. "बटन दुसरीनं लावलं."

त्या दिवसापासून सगळी लेबलं त्यांच्याकडे गेली. तीनशेच्या तीनशे. दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देत नसत.

अनिताच्या वहीचं पान मात्र कोरं होतं.

"अगं, धुतलाच नाहीस?"

"कसा धू, ताई? सासऱ्यानं घातला. चार लग्नं झाली, एक वास्तू झाली. अंगातून काढूनच नाई राह्यले."

"मग आता वहीत काय लिहायचं?"

मावशी मशिनीवरून न उठता म्हणाल्या, "लिव. मळ दिसत नाई."

\* \* \*

आणि मग तपासणीचा दिवस आला.

सोयाबीन निघालं होतं. नामदेवभाऊ काही वाईट माणूस नाहीत, पण पोती उघड्यावर ठेवून ते तरी किती दिवस थांबणार. सकाळीच त्यांचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. "काही घाई नाई," ते म्हणाले, आणि दारातच बसले.

तपासणीच्या मॅडम हैदराबादहून आल्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी खोक्यांतून आपल्या मनाने वीस शर्ट काढले. शिवण पाहिली, बटणं ओढली, मानेमागची पट्टी पाहिली, भाषा पाहिल्या. सगळं ठीक. मग कुशीच्या शिवणीत, खालच्या काठाजवळ लावलेलं धुण्याचं लेबल पाहिलं. एका शर्टाचं पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं, मग वीसच्या वीस शर्ट टेबलावर ओळीने मांडले.

"ये सब उल्टा है."

मी पुढे झाले. खरंच होतं. शर्ट सरळ धरला की लेबलवरची अक्षरं डोक्यावर उभी. प्रत्येक लेबल मी स्वतः वाचलं होतं, पण वाचताना शर्ट टेबलावर मला हवा तसा फिरवून घेतला होता. मॅडमनी नमुन्याचा कागद काढून त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं. चित्रात लेबल सरळ होतं.

"मेजर डिफेक्ट. पूरा लॉट."

तीनशे शिवणी उसवायच्या, तीनशे पुन्हा शिवायच्या, आणि माल परवा निघायचा होता. मी मावशींकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या घाबरल्या असतील. त्या उठल्या आणि मॅडमचा हात धरला.

"इटु रा अम्मा," बाजारात बोलतात तसल्या तेलुगुत म्हणाल्या. इकडे ये. आणि मागच्या दाराने त्यांना बाहेर घेऊन गेल्या. पुढचं मराठीत बोलत गेल्या, अनिता मागून तेलुगुत सांगत गेली.

मागे झाडाखाली दोरीवर आमचे धुऊन पाहायचे शर्ट वाळत होते. आतली बाजू बाहेर, खालचा काठ दोरीवर चिमट्यात, कॉलर जमिनीकडे.

"लेबल कोण वाचते?" मावशींनी विचारलं. "धुणारी वाचते. कवा वाचते? दोरीवर टाकतानी. आता वाच."

मॅडमच्या डोळ्यांसमोर लेबल होतं. सरळ. मान वाकडी करायची गरज नव्हती. त्यांनी वाचलं.

"पण कागदावर सरळ दाखवलं आहे ना, अम्मा," त्या तेलुगुतच म्हणाल्या.

"तो कागद दुकानात लटकवलेल्या शर्टाचा हाये. दुकानात कोण धुते?"

मॅडम म्हणाल्या की हे ठरवणं त्यांच्या हातात नाही, आणि त्यांनी जर्मनीला व्हिडिओ कॉल लावला.

तिकडे सकाळ होती. बाई स्वयंपाकघरात कप घेऊन उभ्या होत्या. मॅडमनी इंग्रजीत सगळं सांगितलं: लेबलं उलटी आहेत, सगळीच आहेत, चुकून नाही, मुद्दाम आहेत. अनिताने फोन दोरीजवळ नेऊन लेबल दाखवलं. मग चित्र हललं. स्वयंपाकघर गेलं, एक दार उघडलं, बाल्कनी दिसली. तिथे घडीच्या स्टँडवर ओले कपडे होते. एक पांढरा शर्ट काठाने लटकत होता, कॉलर खाली.

बाईंनी त्याच्या कुशीतलं लेबल बोटांत धरलं आणि वाचायला मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. कठडा धरला, आणि कान जवळजवळ खांद्याला लागेपर्यंत वाकल्या. तशाच राहिल्या.

आमच्या पुढच्या दारात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

बाई सरळ झाल्या. मान चोळत चोळत मॅडमना काहीतरी एवढंसं बोलल्या. मॅडमनी पेन काढलं आणि फॉर्मवर खूण केली.

मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी फॉर्मकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. फक्त मॅडमच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग पदराला हात पुसले, गोदामातून चालत पुढच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या,

"नामदेवभाऊ, ट्रॅक्टर मांगं घ्या. उजेड अडून राह्यला, मशिनीवर दिसत नाई."