पिल्लाचं नाव दोघांनी मिळून ठेवायचं

माझी मावशी शर्टांना काजं करते. हातानं. मशीन होतं, ते काकांनी अकरा वर्षांपूर्वी तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकलं. मावशीनं जाब विचारला तर म्हणाले, ‘‘विचारायचं काय त्यात?’’ तेव्हापासून नवराबायकोचा अबोला. चूल एक, पण बोलायला मधे तिसरा माणूस लागतो. इतकी वर्षं तो माणूस म्हणजे त्यांचा मुलगा, माझा दादा. ‘‘बाबांना सांग, गॅस संपलाय.’’ ‘‘आईला सांग, नाक आहे मला. फोडणीचा वास नाही आला आज.’’

दादा नोकरीसाठी परगावी गेला आणि जाताना एक तपकिरी पिल्लू ठेवून गेला. ‘‘नाव मात्र दोघांनी मिळून ठेवा,’’ म्हणाला. मोठा शहाणा!

निरोपांचं काम माझ्याकडे आलं. मी खालच्याच मजल्यावर राहते आणि मला दोघांचेही आवाज हुबेहूब काढता येतात.

मावशी स्वयंपाकघरातून, सुई ओठांत धरून: ‘‘मोती कसं वाटतं, विचार जा.’’

बाहेरच्या खोलीत काका पंपाच्या मोटारीला तार गुंडाळत बसलेले. मी मावशीसारखं नाकातून विचारलं. काका दोनदा खाकरले. ‘‘दिवे लावलेत! गल्लीत चार मोती आहेत. एक हाक मारली की पाच धावतील.’’

मी दोन्ही खाकरण्यांसकट पोचवलं. मावशी चक्क खुदकन हसली. ‘‘बरोबर आहे की. मग बदाम?’’

‘‘उद्या काजू आणा म्हणावं.’’

‘‘बरं, साहेब?’’

‘‘घरात एक पुरे नाही का झाला?’’

आठवडाभर हे चाललं. माझी तर चंगळ! मग लक्षात आलं, मावशी मुद्दाम टाकाऊ नावं काढतेय. मी परतले की काम थांबवून विचारायची, ‘‘आणखी काय म्हणाले? नीट सांग, गाळू नकोस काही.’’

रविवारी तिनं सुई रिळात खोचून ठेवली. ‘‘म्हणावं, तुम्ही म्हणाल ते नाव. फक्त इथं दारापर्यंत या आणि मला सांगा. मला. एक शब्द, बस.’’

हा निरोप मी माझ्याच आवाजात दिला. काकांचा हात तारेवर थांबला. मग उठले. मावशीनं केस मागे सारले, पदर सारखा केला आणि उभी राहिली. पिल्लू तिच्या पायाशी.

काका उंबऱ्यापर्यंत आले. बघितलं मात्र खाली.

‘‘सांग तिला,’’ ते पिल्लाला म्हणाले, ‘‘कुत्र्याला नाव कशाला हवं? टाळी वाजवली की येतं.’’

त्यांनी टाळी वाजवली. पिल्लू शेपूट हलवत त्यांच्यामागे गेलं.

मावशी खाली बसली. शर्ट मांडीवर घेतला. कुणाचा आवाज काढावा मला सुचेना.

‘‘तू जा आता,’’ ती म्हणाली. ‘‘आणि उद्यापासून येऊ नकोस गं. निरोपाला पिल्लू आहे.’’