मोतीबाई टाकीत उतरली

बाबूसिंग मिस्त्रीनं नरसीच्या आजूबाजूच्या गावांत तीसेक गोबरगॅस बांधले असतील. प्रत्येक ठिकाणी विटा आणि माल द्यायला बायको मोतीबाई असायची. जमिनीखालचा घुमट आतून किती घोटला म्हणजे गॅस झिरपत नाही, हे तिलाही त्याच्याइतकंच ठाऊक होतं. पण लोकांच्या लेखी मिस्त्री तो आणि बिगारी ती.

वैशाखात तो गेला, जळबा नावाच्या शेतकऱ्याच्या गोबरगॅसच्या टाकीत. टाकी त्यानंच अकरा वर्षांपूर्वी बांधलेली. गॅस कमी येत होता म्हणून वरचं शेणपाणी उपसलं आणि गाळ काढायला तो लगेच उतरला. "जेवायच्या आत उरकतो," म्हणाला. मोतीबाई वर दोर धरून होती. तीन बादल्या वर आल्या, चौथी आली नाही. तिनं वाकून पाहिलं, तर तो भिंतीला टेकून कलंडलेला. गाळ ढवळला की कोंडलेला विषारी वायू उठतो, हे तिला माहीत होतं. जळबा उतरायला धावला, तशी तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

"उतरू नका. तुमी बी जाताल."

हिंगोलीहून बंब येईपर्यंत तिनं कुणालाच उतरू दिलं नाही.

तिच्या बंजारा तांड्यातल्या बायका म्हणाल्या, नवरा मरताना बघत उभी राहिली. ती रडली नाही. भाकरी थापणं, शेरडं चारणं, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणं, सगळं पहिल्यासारखं चालू होतं. फक्त कालवण तिखट आहे की अळणी, ते तिला कळेनासं झालं होतं.

दिवाळी झाल्यावर जळबा तांड्यात आला.

"बाई, ती टाकी मुरूम टाकून बुजवून टाकतो. तुमाला इचारल्याबिगर हात लावू वाटंना."

"काहून बुजवता? बांधकाम चांगलं हाय."

"आता कोन उतरतंय तिच्यात?"

"मी उतरते," मोतीबाई म्हणाली. जेवायला वाढते म्हणावं, तशा आवाजात.

तिनं घाई केली नाही. पाणी सोडून गाळ पातळ करायला लावला आणि पंपानं वरूनच उपसून घेतला. दोन्ही तोंडं आठ दिवस उघडी ठेवली. हळद पाखडायचा पंखा आणून आत वारा सोडला. नवव्या दिवशी डालग्यात कोंबडी घालून खाली सोडली, अर्ध्या तासानं ती फडफडत वर आली. मग कमरेला दोर बांधून, दोर जळबाच्या आणि त्याच्या भावाच्या हाती देऊन मोतीबाई शिडीनं उतरली.

आत ओल होती, वास होता. गिलाव्याला एक लांब भेग गेली होती, तिथूनच गॅस निसटत होता. तळाशी राहिलेला गाळ खरडताना फावड्याला एक चप्पल लागली. डाव्या पायाची, अंगठा तारेनं शिवलेला. ती तार तिनंच ओवली होती. आता आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं. ती थोडा वेळ थांबली. काही आलं नाही. चप्पल तिनं बादलीत टाकली.

"वर घ्या," तिनं हाक दिली.

वर जळबाची बायको रुक्माबाई ती चप्पल बघून हंबरडा फोडून रडली. आत मोतीबाई भेग टोकरून काढत होती. मग तिनं माल भरला, सिमेंटचा घोल मारला, घोटून घेतला.

गिलावा वाळल्यावर टाकी भरली. महिनाभरानं रुक्माबाईनं तिला बोलावून घेतलं. शेगडी पेटवली, निळा जाळ उठला. रुक्माबाईनं चहा टाकला.

"साखर बराबर हाय का?"

"व्हय," मोतीबाई म्हणाली. तिला कळलं नव्हतं.

पुढं दुसऱ्या गावांतूनही बोलावणी आली. वसमतकडचा एक जण तर विचारून गेला, नवीन बांधून देता का. तिनं हो म्हटलं. मागच्या आठवड्यात सासरहून लेकीचा, संगीताचा फोन आला.

"याडी, बरी हायस ना?"

"बरी हाय."

"खरं सांग."

मोतीबाईनं जरा विचार केला. सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

"विटांचा टेम्पो येऊन राहिला," ती म्हणाली, "उतरवून घेते."